जर्मनीला निघालात? मग फाइल सोलापुरातच लावून घ्या

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. थोरली मुलगी नर्स आहे, जर्मनीत बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात हाइलब्रॉनला नोकरी करते. ती गेल्यापासून इथं, सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात, आमच्या आसपास कुणाचं पोरगं जर्मन शिकायला लागलं की त्याचे आईवडील कागदांची पिशवी घेऊन आमच्या दारात हजर. "काका, एवढं बघा की." प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. व्हिसाचा अर्ज, मुलाखत, जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा हे क्लासवाले घोटून घेतात. मी लिहितोय ते विमानातून उतरल्यानंतरचं, आणि त्यासाठी इथं काय करून ठेवायचं ते.

आधी एक गोष्ट पक्की करा. तिथं एका कागदाच्या पोटातून दुसरा कागद निघतो. घरमालकाची सही नाही तर पत्त्याची नोंद नाही. नोंद नाही तर कर क्रमांक नाही. कर क्रमांक नाही तर पगारातून सगळ्यात वरच्या, म्हणजे सहाव्या करवर्गाने कर कापायची मुभा मालकाला असते. वारसनोंद झाल्याशिवाय सातबाऱ्यावर नाव चढत नाही आणि सातबाऱ्याशिवाय सोसायटी कर्ज देत नाही, त्यातलाच प्रकार. फक्त तिथं चहा पाजून क्रम पुढेमागे होत नाही.

इथली कामं

फायली अडतात त्या बहुतेक नावावर. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. लग्न झालेल्या मुलीचं नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, पण जर्मन कारकुनासमोर ही फाइल गेली की त्याला तीन वेगळ्या बायका दिसतात. तेव्हा पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवा. स्पेलिंगमधलं एक जास्तीचं 'एच'सुद्धा सोडू नका. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत आणि लग्नाचा दाखला, दोन्ही फाइलला लावा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळा असेल तर व्हिसाच्या आधी दुरुस्त करून घ्या. त्यासाठी पुण्याला जायला नको, आपल्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं.

जन्मदाखल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. दवाखान्यातून आल्या आल्या काढलेल्या दाखल्यावर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव चढवा आणि नवीन प्रत घ्या. "आता मला जन्मदाखला कशाला, पासपोर्ट आहे की," असं पोरं म्हणतात. पुढे तिथं तुम्हाला मूल झालं की जन्मनोंदणीच्या कचेरीत, तिला श्टांडेसआम्ट म्हणतात, आईचा आणि बापाचा जन्मदाखला व लग्नाचा दाखला मागतात, तोही शपथबद्ध अनुवादकाच्या भाषांतरासह. त्या वेळी सोलापुरातला मामा महापालिकेच्या जिन्यावर चकरा मारत बसतो.

पदवीवाल्यांसाठी एक खास सोलापुरी भानगड आहे. आपलं विद्यापीठ २००४ सालचं. त्याआधी शिकलेल्यांच्या पदवीवर शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर. नंतरच्यांच्या पदवीवर सोलापूर विद्यापीठ. २०१९ मध्ये नामविस्तार झाल्यावर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. कॉलेज तेच, इमारत तीच, पण गुणपत्रिका एका नावाची आणि पदवी दुसऱ्या नावाची असं होऊ शकतं. विद्यापीठाकडून नावबदलाचं इंग्रजी पत्र घेऊन फाइलला लावा म्हणजे खुलासे करत बसावं लागणार नाही.

शेतजमीन, प्लॉट नावावर असेल तर निघण्याआधी आईवडिलांच्या नावाने मुखत्यारपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. परदेशातून करायचं म्हटलं तर भारतीय वकिलातीतून साक्षांकित करा, ते इथं पाठवा, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. पाकीट कपाटात ठेवून विसरलेली माणसं मी नोकरीत पाहिलीत. बँकेतलं साधं बचत खातंही तसंच चालू ठेवता येत नाही. नोकरीसाठी परदेशी राहायला गेल्यावर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. मोबाइल नंबर मात्र बंद करू नका, ओटीपी त्याच्यावरच येणार.

विद्यार्थ्यांचं एक वेगळं खातं असतं, बंदिस्त खातं म्हणा. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि महिन्याला ९९२ युरो सुटतात. मोठ्या शहरात तेवढ्यात भागवणं अवघड, कारण खोलीचं भाडंच निम्मं खाऊन टाकतं.

बॅगेबद्दल बायका मला जास्त विचारतात, म्हणून तेही सांगतो. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही. कढीपत्त्याच्या ताज्या काड्याही नाहीत. शेंगाचटणी खुशाल न्या. कडक भाकरी न्या, नीट बांधलेली असली तर महिनोन्महिने टिकते, फक्त कपड्यांच्या मधोमध ठेवा नाहीतर उतरताना चुरा निघतो. चादर एकच. पोरं भेट म्हणून चार-चार नेतात आणि वजनात चटणी मागे राहते.

पहिले चौदा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करायची. त्याला आनमेल्डुंग म्हणतात, ती ब्युर्गरआम्टमध्ये होते. लागतं काय, तर पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाचं सहीचं पत्र. या पत्राचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव पाठ करू नका, लिहून खिशात ठेवा. भाडेकरार दाखवून चालत नाही, हेच पत्र हवं. घर ठरवतानाच विचारा, हे पत्र देणार का? हॉटेलवाले, चार दिवसांची खोली देणारे बहुधा देत नाहीत. "इथं राहा पण नोंद करू नका," असं कुणी म्हणालं तर ती खोली कितीही स्वस्त असली तरी सोडा. दवाखान्याने क्वार्टर दिली असेल तर पत्र दवाखानाच देतो. घर बदललं की दोन आठवड्यांत पुन्हा नोंद. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते, आणि मोठ्या शहरात ती लवकर मिळत नाही, म्हणून पत्ता पक्का झाला की इथूनच बघायला लागा.

त्या फॉर्मात धर्माचा रकाना असतो. आपल्याकडच्या ख्रिस्ती मुली नर्सिंगला पुष्कळ जातात, त्यांनी हे नीट वाचावं. कॅथलिक किंवा इव्हांगेलिश (म्हणजे प्रोटेस्टंट) असं लिहिलं की चर्चचा कर लागतो, बाडेन-व्युर्टेमबर्ग आणि बायर्न (बव्हेरिया) या राज्यांत आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. द्यायचा असेल तर जरूर द्या, पण पगाराची स्लिप बघून दचकू नका.

नोंद झाली की कर क्रमांक आपोआप येतो, अकरा आकडी, पोस्टाने. आणि इथं पत्रपेटीची गोष्ट येते. जर्मन पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो आणि पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. म्हणून किल्ली हातात आल्यावर बॅग उघडायच्या आधी पेटीवर आणि बेलवर नाव लावा. मुलीच्या इमारतीत खाली दोन रांगांत पेट्या होत्या आणि एका पेटीवर तीन आडनावांच्या पट्ट्या एकाखाली एक. तिची पट्टी साध्या कागदाची, पासपोर्टवर आहे तशाच स्पेलिंगची, वरून सेलोटेप. एवढ्यावर बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, कर क्रमांक सगळं पोचलं.

जर्मनी अजून पत्रांवर चालतं, आणि माझ्यासारख्या माणसाला त्याचं फार बरं वाटलं. आलेलं प्रत्येक पत्र त्याच दिवशी उघडा. वरच्या कोपऱ्यात तारीख असते, आणि मजकुरात कुठंतरी मुदत. सरकारी निर्णयावर हरकत घ्यायला सर्वसाधारणपणे एक महिना, दंडाच्या नोटिशीवर दोन आठवडे. पिवळं पाकीट आलं तर ते फाडून फेकू नका. पोस्टमन त्या पाकिटावर हाताने तारीख लिहितो आणि मुदत तिथून चालू होते. तुम्ही घरी नसलात, पेटीत नुसतं टाकलं, तरी ते तुम्हाला मिळालं असंच धरतात. पाकीट आणि पत्र एकत्र टाचा. दोन छिद्रांची जाड फाइल तिथं प्रत्येक घरात असते, ती पहिल्याच आठवड्यात आणा.

एक पत्र सगळ्यांना येतं आणि सगळ्यांना ते फसवणुकीचं वाटतं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिन्याला १८ युरो ३६ सेंट. टीव्ही नसला तरी द्यावी लागते. पण ती घरामागे एक असते, माणसामागे नाही. चौघं एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर एकाने भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा.

आरोग्य विमा सक्तीचा. सार्वजनिक विम्याचा हप्ता पगारातून कापला जातो आणि साधारण निम्मा भार मालक उचलतो. फोटोवालं कार्ड येतं, ते दाखवलं की डॉक्टरांकडे पैशाची बात नाही. आधी फॅमिली डॉक्टर, त्याला हाउसआर्त्स्ट म्हणतात, आणि तो निरोगी असतानाच शोधून ठेवा, कारण बरेच जण नवे पेशंट घेत नाहीत. मेडिकलमध्ये जाऊन "दोन अँटिबायोटिक द्या" हे तिथं बंद. रात्री-सुट्टीला, जिवावरचं नसेल तर ११६११७. जिवावरचं असेल किंवा आग लागली तर ११२. पोलीस ११०.

कार्ड आणि मधला कागद

व्हिसावर आत जाता येतं, राहायला मात्र निवासाचं कार्ड लागतं. ते आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीतून. अर्ज व्हिसाची मुदत संपायच्या आत गेलाच पाहिजे. भेटीची वेळ मिळत नाही ही सगळीकडची रड आहे. अशा वेळी गप्प बसू नका, अर्ज लेखी पाठवून पोच ठेवा. कार्ड येईपर्यंत फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग नावाचा मधला कागद देतात. तो हातात आला की पहिल्यांदा बघा, खूण कुठल्या चौकटीत केली आहे. जुना परवाना पुढे चालू आहे असं मानणारी, तिथल्या निवास कायद्याच्या कलम ८१ पोटकलम ४ ची चौकट असेल तरच त्या कागदावर भारतात येऊन परत जाता येतं. पोटकलम ३ ची चौकट असेल तर बहिणीचं लग्न असो नाहीतर गड्ड्याची यात्रा, बाहेर पडू नका.

कुशल कामगार म्हणून परवाना असेल तर तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. पेन्शनचे ३६ हप्ते भरलेले हवेत आणि बी-वन जर्मन. नर्स मुलींनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. पदवीला मान्यता मिळेपर्यंत तुम्ही सहायक म्हणून काम करता, ती तीन वर्षं त्या काळापासून मोजली जात नाहीत. पेन्शनचे हप्ते मात्र त्याही काळातले धरतात. म्हणून मान्यतेची परीक्षा किंवा समायोजनाचा कोर्स, जे ठरेल ते, लांबवू नका.

घर, भाडं, कचरा

जाहिरातीत दोन भाडी असतात. थंड भाडं म्हणजे नुसत्या जागेचं, गरम भाडं म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. मालक हे आपणहून सांगत नाही. ताबा घेताना भिंतीवरचा प्रत्येक डाग, खिडकीची प्रत्येक खाच कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा. मुलीच्या पहिल्या घरमालकाने सोडताना आधीच्याच डागाचे पैसे मागितले होते. तो कागद पुढे केल्यावर विषय संपला. सोडायची नोटीस साधारण तीन महिन्यांची, कागदावर, शाईच्या सहीने. व्हॉट्सअॅपवर "आम्ही चाललो" म्हणून भागत नाही.

खिडक्या हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं. आम्ही मुलीकडे राहायला गेलो तेव्हा आमच्या घरच्यांना हे पटेना, एवढी थंडी आणि वर खिडकी उघडायची! पण नाही उघडली तर भिंतीला बुरशी येते आणि ती तुमच्या नावावर पडते. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर आवाज नको: ड्रिल नाही, खिळे ठोकणं नाही. रविवारी दुकानंही बंद. शनिवारी किराणा भरला नाही तर रविवारी चटणी-भाकरी.

कचऱ्याचं वेळापत्रक नगरपालिका देते. कागद वेगळा, प्लास्टिकची वेष्टनं वेगळी, ओला वेगळा, उरलेला वेगळा. रंग गावागणिक थोडे बदलतात, शेजाऱ्याच्या डब्यात बघा. प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकल्या की परत मिळते. नळाचं पाणी थेट प्यायचं. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावातून गेलेल्या माणसाचा यावर विश्वास बसायला वेळ लागतो. मुलीच्या घरी पहिले काही दिवस रात्री दोन पातेली भरून ठेवली जायची.

भाकरीचं काय, हा प्रश्न मला पुरुषसुद्धा विचारतात. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, मंगळवेढ्याच्या मालदांडीची चव त्याला नाही, पण भागतं. अडचण शेगडीची. तिथं काचेची इलेक्ट्रिक शेगडी, ज्योत नाही, त्यामुळे तव्यावरून उचलून आचेवर भाकरी फुगवता येत नाही. आमच्या घरच्यांनी जाड लोखंडी तवा आधी भरपूर तापवला, पाणी लावलेली बाजू वाळली की उलटली, आणि कडा सुती फडक्याने दाबत दाबत फिरवली. फुगते. फक्त तवा बुडाला सपाट हवा, आपला खोलगट तवा त्या काचेवर डुगडुगतो आणि मधेच करपतो. थापण्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो म्हणून परातीखाली टॉवेल घालायचा. टॉवेल सोलापूरचाच होता.

फिरायला डॉइचलांडटिकीट घ्या, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. शहरातली बस-ट्राम आणि साध्या रेल्वे देशभर चालतात, वेगाच्या आयसीई चालत नाहीत. ते दर महिन्याला आपोआप पुढे सरकतं, बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत. विनातिकीट सापडलात तर ६० युरो. एमएच-१३चं लायसन्स तिथं राहायला गेल्यापासून सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

बाळंतपण आणि आईबापाचा व्हिसा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. जर्मनीत राहणाऱ्या मुलीने आधी तारखा मोजाव्यात. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर साधा निवास परवाना रद्द होतो, ब्ल्यू कार्ड (उच्चशिक्षित, चांगल्या पगाराच्या नोकरदारांचा परवाना) असेल तर मुदत बारा महिन्यांची. सातव्या महिन्यात ओटी भरून आली आणि बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत थांबली, की सहा महिने कधी उलटले कळत नाही. जास्त थांबायचं असेल तर निघण्याआधी परदेशी नागरिकांच्या कचेरीतून लेखी मुदतवाढ घ्यावी. इथं जन्मलेल्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो, तो होईपर्यंत आईचा पाय निघत नाही. तिथं बाळंत झाली तर प्रसूतीआधी सहा आणि नंतर आठ आठवडे संरक्षित रजा असते. बाळाचा भारतीय पासपोर्ट वकिलातीतून काढून जन्मापासून सहा महिन्यांत त्याच्या निवासाचा अर्ज करायचा.

आमच्याकडे दुसरा मार्ग निवडला, आम्हीच गेलो. आईबापाला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा थोड्या मुदतीचा व्हिसा, मिळतो, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. मुलीने तिथल्या कचेरीत जाऊन खर्चाची हमी लिहून द्यायची, २९ युरो फी, आणि मूळ कागद कुरियरने इथं पाठवायचा, झेरॉक्स चालत नाही. आपण सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन अर्ज आणि बोटांचे ठसे द्यायचे, प्रत्येकी ९० युरो. परत येणार याची खात्री पटेल असं जे काही असेल ते लावा: पेन्शनचा आदेश, पासबुक, घराचा उतारा. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. तो घेताना आधीपासूनचे आजार वगळलेत का ते बारीक अक्षरात वाचा, बहुधा वगळलेले असतात. बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या इथूनच न्या, आणि चिठ्ठी औषधाच्या मूळ नावानिशी टाइप करून घ्या. आपल्या डॉक्टरांचं अक्षर तिथल्या मेडिकलवाल्याला लागायचं नाही.